मासा कशाची वाट बघतोय?

शिमगा झाला की या सदराला येणारी पत्रं एकदम वाढतात. उन्हं तापायला लागलेली असतात, नद्या उतरून डोह वेगळे दिसू लागलेले असतात आणि कोपऱ्यात ठेवलेला गळ हातात घ्यावासा वाटतो. यंदा एक पत्र थेट अमेरिकेच्या प्रवासाबद्दल आहे, बाकीची उल्हास, काळू आणि ठाण्याच्या खाडीबद्दल. सगळी वाचून झाल्यावर मला माझे मामा आठवले. विटाव्याच्या खाडीकाठी पाग (फेकायचं जाळं) टाकण्याआधी ते पाण्याकडे बघत पुटपुटायचे, "कशाची वाट बघतोस रे बाबा?" मासा बाराही महिने कशाची तरी वाट बघत असतो. उन्हाची, पावसाची, भरतीची. यावेळची सगळी उत्तरं मी मामांच्या त्या एका प्रश्नाला धरूनच लिहिली आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी कळव्याला राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाळ्या केल्या. रात्रपाळी संपली की कितीतरी वेळा घरी न जाता बदलापूरची लोकल पकडली. गळाची पिशवी लॉकरमध्ये तयार असायची.

प्रश्न (खारघरहून एक वाचक भगिनी): एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात जाणार आहोत. मुलगा म्हणतो, बाबांना नदीवर बास आणि क्रॅपी धरायला नेईन. यांनी लहानपणी पेणजवळच्या ओढ्यांत खूप गळ टाकलाय, पण तिथलं पाणी वेगळं, मासे वेगळे. काय शिकून जावं?

उत्तर: ताई, पेणचा हात तिथेही उपयोगी पडेल. बदलायचं आहे ते फक्त घड्याळ.

2017 च्या एप्रिलात मी भाचीकडे त्याच शहरात तीन आठवडे राहिलो होतो. सायोटो नदी शहराच्या मधून वाहते. तिच्यावर ग्रिग्ज नावाचं जुनं धरण आहे आणि धरणाखालचा खडकाळ पट्टा गळ टाकणाऱ्यांचा आवडता आहे. मी आपल्या सवयीने उजाडायच्या आत तिथे जाऊन बसायचो. चार दिवस बसलो. बोटं बधिर झाली, दोरी काही हलली नाही. पाचव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला सामान आवरून निघालो, तर एक म्हातारे गृहस्थ त्यांचं सामान घेऊन उतरत होते. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, आत्ता कुठे दगड तापलेत, आता बसा. त्या दुपारी मला पहिला स्मॉलमाउथ बास लागला. पितळी रंगाचा, अंगावर उभे पट्टे, जेमतेम वीतभर, पण ओढ अशी की काठी हातातून जाईल असं वाटलं.

मासा थंड रक्ताचा, त्याचं अंग पाण्याएवढंच गरम. तिथलं पाणी एप्रिलच्या सुरुवातीला दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात त्याची पचनशक्ती मंदावलेली असते, तो आमिषामागे धावत नाही. तिथला मासा उबेची वाट बघत असतो. म्हणून दुपार ते संध्याकाळ ही वेळ धरा. काठही निवडा. सूर्य दक्षिणेकडून कलता येतो, त्यामुळे उत्तरेकडच्या काठावर ऊन जास्त वेळ पडतं आणि तिथलं उथळ पाणी आधी कोमट होतं. आमिष तळाशी हळू, थांबत थांबत ओढायचं. वसंतात पावसाने नदी गढूळ होऊन चढली तर मासा मधल्या धारेत राहत नाही. तो काठाला येतो, पडलेल्या झाडाच्या किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे पाणी उलटं फिरतं. आपल्याकडच्या पुरात पेणच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

एक छोटा थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी 13-14 अंशांच्या पुढे गेलं की क्रॅपी उथळ पाण्यात जमायला लागतात. 15 ओलांडलं की स्मॉलमाउथ बासचे नर घरटी करायला घेतात. पाणी वीसच्या पुढे गेलं की ब्लूगिलची पाळी. हे तिन्ही एकाच घराण्यातले. व्हाइट बास नावाने बास असला तरी घराणं वेगळं. तो घरटं करत नाही, थव्याने नदीत वर चढतो आणि वाहत्या पाण्यात अंडी सोडून मोकळा होतो. त्याचं चढणं बघून मला आपल्या वलगणीची, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांची, आठवण आली. तिथले जुने लोक थर्मामीटरऐवजी झाडं बघतात. रेडबड नावाच्या झाडाच्या उघड्या फांद्यांना गुलाबी-जांभळी फुलं फुटली की क्रॅपीला निघायचं. आपल्याकडे पळस बघून कुणी दिवस मोजावेत तसंच ते.

क्रॅपीबद्दल यजमानांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. त्याचे डोळे वरच्या अंगाला असतात, तो वर बघून खातो. आमिष त्याच्या खाली गेलं तर त्याला दिसत नाही, म्हणून दोरीला तरंगतं बूच बांधून ते त्याच्या डोक्यावर टांगायचं. जिवंत बारीक मासा किंवा दोन ग्रॅमच्या आतला जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) पुरे. दुसरं म्हणजे त्याच्या तोंडाची कातडी पापडासारखी पातळ असते. आपण शिंगाळ्याला मारतो तसा झटका मारला की गळ फाटून बाहेर येतो. फक्त काठी उचलायची.

आता घरट्यांबद्दल. बासचा नर शेपटीने खडी झाडून परातीएवढी गोल जागा स्वच्छ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथेच पहारा देत राहतो. उथळ स्वच्छ पाण्यात तो सहज दिसतो आणि समोर काहीही आलं तरी चावतो, भुकेने नव्हे तर रागाने. त्याला उचललात की ब्लूगिल टपलेलेच असतात, काही मिनिटांत अंडी साफ होतात. घरट्यावरचा बास मी धरला नाही, तुम्हीही धरू नका. धरलाच गेला तर ओल्या हाताने, पाण्यातल्या पाण्यातच सोडा.

ओहायोत 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचाही मिळतो, मुलाला आधीच काढून ठेवायला सांगा. कोणता मासा किती लांबीचा आणि किती ठेवता येतो याचे नियम पाण्यागणिक बदलतात, तेही त्याच्याकडून वाचून घ्या. आणि एवढ्या गार पाण्यात पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय यजमानांना पाण्यात उतरू देऊ नका, ते कितीही म्हणाले तरी.

प्रश्न (ऐरोलीचा एक तरुण वाचक): मी परदेशी व्हिडिओ बघून रॉड, रील आणि चकाकते लूअर (नकली आमिषं) घेतले. मार्चमधले तीन रविवार बदलापूरला उल्हास नदीवर सकाळी अकरा ते तीन बसलो. एकदाही मासा लागला नाही. लूअर चुकले का?

उत्तर: मित्रा, लूअर ठीक आहेत. तू ओहायोच्या वेळेला बदलापुरात बसलास.

तिथला मासा उबेची वाट बघतो, आपला फाल्गुन-चैत्रात गारव्याची. दहा अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो आणि मिळतो कमी. अकरा ते तीन या वेळात रोहू, कटला, मृगळ खोल डोहाच्या तळाशी सावलीत पडून राहतात, नाहीतर खडकावरून पाणी फेसाळत पडतं तिथे, कारण तिथे हवा मिसळते. तू उजाडताना जा आणि नऊला परत ये. रोहूसाठी चकाकत्या लूअरचा उपयोग नाही, तो शिकारी मासा नव्हे. शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेला रवा कणकेत मळून घे, डोहाच्या कडेला त्याचा थोडा चारा आधी टाक, अर्धा तास शांत बस, मग गळ.

दुपारीच जमत असेल तर मरळीच्या मागे जा. मरळ हवेतला श्वास घेते. वर येऊन तोंड उघडते, "टप्" असा आवाज होतो आणि परत खाली जाते. त्यामुळे तापलेल्या, जलपर्णीने भरलेल्या कडेच्या पाण्यातही ती ऐन उन्हात असते. रबरी बेडूक जलपर्णीच्या फटींमधून टिपटिप करत ओढ. पण तंगूस (गळाची नायलॉन दोरी) जाड लाव, गवतात शिरली की बारीक तंगूस क्षणात तुटतं.

उल्हासबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी उन्हाळ्यातही वाहते, याचं मोठं कारण म्हणजे भिवपुरीचं वीजकेंद्र. टाटांचं हे केंद्र 1922 पासून चालू आहे. सह्याद्रीच्या पलीकडे आंध्रा नदीवर अडवलेलं पाणी घाट उतरून इथे चाकं फिरवतं आणि मग उल्हासात येतं. आंध्रा इंद्रायणीची, इंद्रायणी भीमेची, भीमा कृष्णेची. म्हणजे जे पाणी बंगालच्या उपसागराला जायचं, ते तुझ्या गळापाशी येतं. वीज बनवण्याच्या वेळेप्रमाणे ते कमीजास्त होतं, म्हणून भर चैत्रात, आभाळात ढग नसताना, कर्जत-नेरळच्या बाजूला पाणी अचानक चढू शकतं. पात्रातल्या दगडावर बसशील तेव्हा काठावर एक खूण करून ठेव आणि अधूनमधून तिच्याकडे बघ. पाणी चढू लागतं तेव्हा मासाही हलतो, पण आधी तू काठावर ये.

प्रश्न (विटावा, ठाणे): खाडीत जिताडा लागायची वेळ कशी ठरवायची? मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष पाणी जुळत नाही.

उत्तर: जुळणार कसं, वेळापत्रक बहुतेक मुंबईच्या किनाऱ्याचं असतं. खाडीच्या आत पाणी उशिरा पोचतं. कळव्यासाठी मी अर्धा-पाऊण तास पुढे धरतो.

मोबाइल नव्हता तेव्हा मामा तिथीला पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, पण काठावर उभं राहून तोंडी करता येतो आणि मला आजही पुरतो.

जिताडा स्वतः फार फिरत नाही. ओहोटी लागली की खाजणातलं, खारबंदिस्तीच्या आतलं पाणी उघाडीतून (बांधाच्या दारातून) बाहेर पडतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोयची पिल्लं वाहत येतात. जिताडा उघाडीच्या तोंडाशी, धारेच्या बाजूच्या शांत पाण्यात तोंड वर करून उभा असतो. जेवण वाहत येण्याची त्याची वाट बघणं चाललेलं असतं. म्हणून सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, शेवटचे दोन तास तुमचे. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी फार गढूळ आणि जोराचं असतं. मला अष्टमी-नवमीच्या भांगाचे (लहान भरतीचे) दिवस जास्त लाभले, पाणी निवळ असतं आणि त्याला आमिष दिसतं. जिवंत कोळंबी शेपटीकडून ओवा, म्हणजे ती पोहत राहते.

एक विनंती. जिताडा आयुष्याची सुरुवातीची वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. फार मोठा जिताडा म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी, आणि चैत्र-वैशाखात ती पावसाळ्यातल्या अंड्यांसाठी अंग भरत असते. मधल्या आकाराचा घरी न्या, थोरली सोडा. मी 2009 साली एक सोडली होती, माझ्या मांडीपर्यंत येईल एवढी. घरी सांगितल्यावर दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पण ती ज्या तऱ्हेने शेपटी मारून गेली ते मी अजून विसरलो नाही.

ऐरोली पुलाच्या दक्षिणेला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 मध्ये जाहीर झालेलं आणि 2022 पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतलं. तिथे गळ घेऊन जायचं नाही.

प्रश्न (कोपरखैरणे): खाडीतला मासा खावा का?

उत्तर: नाल्यांच्या तोंडाजवळचा मी खात नाही आणि नातवंडांना देत नाही. मासा चिरताना रॉकेलसारखा वास आला तर सरळ टाकून द्या. पण वास नसला म्हणजे मासा चांगला असं समजू नका. पाऱ्यासारखे जड धातू शिजवून जात नाहीत, आणि लहान मासे खाऊन वाढणाऱ्या मोठ्या शिकारी माशात ते जास्त साठतात. ज्या काठावर मी तरुणपणी निवट्या धरून कालवण खाल्लं, त्याच काठाबद्दल हे लिहावं लागतंय याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न (दिवा, सातवीतला वाचक): मला गळाला चिलापी आणि एकदा मोठा मागूर लागला. काका, सोडायचे की ठेवायचे? आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करायचं?

उत्तर: बाळा, चिलापी परदेशी आहे, 1952 मध्ये आपल्या देशात आणली गेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती कुठेही वाढते आणि बाकीच्यांची जागा घेते. ती खुशाल ठेव. मोठा, डोकं चपटं, अंगावर काळे-करडे डाग असलेला मागूर बहुधा आफ्रिकेतला असतो. त्याच्या पालनावर आपल्याकडे 2000 सालापासून बंदी आहे, तो आपले मासे खातो. त्याला परत पाण्यात सोडू नकोस, मोठ्या माणसाला दाखव.

शिंगाळ्याचे काटे तीन, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. मला कळव्याच्या पुलाखाली तळहातात शिरला होता, खांद्यापर्यंत आग झाली. हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवला की कळ उतरते. पण पाणी किती गरम ते दुसऱ्या, चांगल्या हाताने बघायचं, नाहीतर भाजतं. मग डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि एकट्याने खाडीच्या चिखलात उतरायचं नाही, कधीच नाही.

प्रश्न (घोडबंदर रोड, मूळ गाव शहापूर तालुका): गावी पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला सगळे जातात. हल्ली लोक म्हणतात धरू नका, मासे संपतील. आमच्या आजोबा-पणजोबांनी धरले तेव्हा कसे नाही संपले?

उत्तर: दादा, तुमचा राग मला समजतो, कारण वलगण माझ्याही घरात सणासारखी असायची. रात्री पाऊस कोसळायचा, पहाटे बत्त्या आणि येंड्या (हातजाळ्या) घेऊन माणसं ओढ्यावर जायची आणि शेतातून पाण्याबरोबर मासे उलटे चढत यायचे.

आपल्या नदीतला मासा वर्षभर ज्याची वाट बघतो तो हा पाऊस. तिकडच्या बासला पाण्याची ऊब खुणावते, इथल्या माशाला गढूळ नवं पाणी. बहुतेक माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म असतात, आणि उथळ, नव्याने भिजलेल्या शेतात अंडी घालायची म्हणून त्या चढतात. आजोबांच्या वेळी येंडी हाताने धरायची होती, ओढ्याचं तोंड मोकळं असायचं, माणसं मोजकी होती आणि पावसाचे पहिले काही दिवस सोडले तर कुणी फिरकत नसे. आता ओढ्याच्या काठापासून काठापर्यंत बारीक नायलॉनचं जाळं लागतं. चढणारं सगळं त्यातच राहतं. वर बंधारे झाले, शेतात औषधं आली. काही जण तर पाण्यात विष किंवा सुरुंग टाकतात, 1897 च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे. म्हणून आजोबांचं धरणं आणि आजचं धरणं मला एका मापाने मोजवत नाही. ज्या कातकरी घरांची त्या आठवड्याची चूल त्यावर चालते, त्यांना तर मी काही सांगायला जाणारही नाही. गाडी काढून ठाण्याहून जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र थांबावं.

मी का थांबलो ते सांगतो. 1986 च्या श्रावणात टिटवाळ्याच्या पुढे, काळूला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या डबक्यात मला पाण्यावर लालसर ठिपक्यांचा ढग दिसला. मरळीची पिल्लं होती, शेकड्यांनी, बोटाच्या पेराएवढी. ती सारखी वर येऊन श्वास घेत होती. खाली आई-बाप असणार हे मला माहीत होतं, कारण मरळ पिल्लं सांभाळते. मी ढगाच्या कडेला बेडूक टाकला आणि पहिल्याच वेळी मोठी मरळ लागली. थोड्या वेळाने तिचा जोडीदारही. दोन्ही घरी नेल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी परत तिथेच गेलो. ढग विस्कटला होता. काठावर दोन बगळे आणि एक खंड्या होते, पाण्यात खालून कुणीतरी खळबळत होतं. तासभर बसलो तोवर लाल ठिपके पाच-सहाच उरले. त्या दिवशी मी गळ पाण्यात टाकलाच नाही.

तेव्हापासून पावशा ओरडायला लागला की मी गळ पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवतो आणि गणपतीनंतर खाली काढतो. पहिल्या पावसाला मात्र त्याच ओढ्यावर जातो, छत्री आणि बॅटरी घेऊन, मासे चढताना बघायला. गावचे तीन-चार जण आता बरोबर येतात. गेल्या वर्षी आम्ही ओढ्यावर जाळं लावणाऱ्यांशी बोलून एका बाजूची दोन हात जागा मोकळी ठेवायला लावली, आणि पहाटे चारला त्या फटीतून खवल्या (हे माशाचं नाव) वर जाताना मोजल्या. एकशे बारापर्यंत मोजल्या, मग बॅटरी संपली. तुम्ही शहापूरकडचे, तुमच्या ओढ्यावर हे करायचं असेल तर जूनच्या आधी पत्र टाका. मी येईन.